उशाखालचं लोखंड

खाला, तुम्ही गेल्यानंतरचे तीन दिवस मी तुमच्यावर रागावून होते. तिकडं तुम्हाला मिट्टी देऊन लोक घरी परतले होते आणि इकडं मी खाटेवर पडून मनातल्या मनात तुमच्याशी भांडत होते. एवढं काय मनाला लावून घ्यायचं? राग माझ्या नाकावर असतो, बोलून गेले की पाच मिनिटांत मीच रडत बसते, हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक होतं?

सोमवारी तुम्ही आला नाहीत तेव्हा म्हटलं, जाऊ दे. मंगळवारी म्हटलं, आता मीही बोलणार नाही. आपल्या दोन घरांच्या मध्ये एकच भिंत, आणि तिच्यापलीकडं तुमच्या रफिकचं कापूस पिंजायचं मशीन थंडीच्या दिवसांत सकाळी नऊपासून घरघरत असतं. ते बंद होतं. मी सासूबाईंना विचारलं, "मशीन काऊन बंद आहे जी?" त्या म्हणाल्या, "लाईन नाई." माझ्या डोक्यावर बल्ब जळत होता, तरी मला ते खटकलं नाही. बाहेर माणसांचा आवाज वाढला तर म्हणाल्या, "कोनाचं लगन असन." बाळंतिणीला मरणाची बातमी सांगितली की तिचं दूध आटतं, म्हणून घरादारानं, सगळ्या गल्लीनं, तुमच्या सुनेनंसुद्धा तोंडाला कुलूप लावलं होतं. बुधवारी मी मनात तुम्हाला काय काय बोलले ते इथं लिहीत नाही.

गुरुवारी माझ्या नवऱ्याला, दिनेशला, सुट्टी मिळाली. तो तिकडं गडचांदूरला सिमेंटच्या कारखान्यात, आठवड्यातून एकदा ब्रह्मपुरीला घरी येतो. खोलीत आल्या आल्या बाळावर वाकून म्हणाला, "खालाच्या मिट्टीले येऊ नाई शकलो मी, लय वाईट वाटते." मग माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि त्याला कळलं की मला काहीच ठाऊक नाही. सासूबाई धावत आल्या, पण तोंडातून निघालेलं परत आत थोडंच घालता येतं.

माझं दूध आटलं नाही, खाला. उलट छाती दगडासारखी भरून आली आणि झंपर भिजलं. रडूही आलं नाही लगेच. डोक्यात एकच गोष्ट फिरत राहिली. रविवारी दुपारी आपलं भांडण झालं आणि सोमवारी पहाटे तुम्ही नमाजाला बसल्या जागी गेलात. मध्ये एक रात्र होती. त्या रात्री तुम्ही माझं बोलणं उशाशी घेऊन झोपलात का, एवढंच मला कोणीतरी सांगावं. पण विचारू कोणाला?

पहिलं बाळंतपण माहेरी करतात. माझं माहेर कुरखेड्याच्या पुढं, जंगलातलं गाव. बाबा अंथरुणाला खिळलेले, आईला दोघांचं करणं झेपलं नसतं, म्हणून मी सासरीच राहिले. दवाखान्यातून तिसऱ्या दिवशी घरी आले तेव्हा मला बसता येत नव्हतं. खाली टाके, कंबर धरलेली, संडासला जायच्या नुसत्या विचारानं घाम फुटायचा. सासूबाईंची धान कापणी तोंडावर आलेली. चौथ्या दिवशी सकाळी तुम्ही आलात आणि तुमच्या हातात एक भलीमोठी चुंबळ होती. डोक्यावर घागर ठेवायला करतात तशीच, पण परातीएवढी, नव्या कापसाची, वर धुतलेलं मांजरपाट शिवलेलं.

"याच्यावर बस," तुम्ही म्हणालात. "टाके मधात येतात, खाली टेकत नाई."

मी बसले आणि चार दिवसांत पहिल्यांदा सरळ बसून पोरीला पाजलं. म्हटलं, हे तुम्हाला कोणी शिकवलं? तुम्ही म्हणालात, "ढुंगन शिकवते बेटा, दुसरं कोन शिकवन," आणि स्वतःच एवढ्या हसलात की पोरगी दचकली. मलाही हसू आलं आणि टाक्यांमध्ये कळ गेली. "हासू नको, हासू नको," म्हणत तुम्ही आणखी हसवत राहिलात.

तुमची एक रीत होती. तुम्ही कोणाशी भांडायच्या नाहीत, बाजूनं वाट काढायच्या. सासूबाई मला दिवसाला दोन कप पाणी द्यायच्या, जास्त प्यायलं की पोट सुटतं म्हणून. माझे ओठ फुटले होते. तुम्ही त्यांना शिकवायला गेला नाहीत. दुसऱ्या दिवसापासून थर्मास घेऊन यायला लागलात. "ओव्याचा काढा आहे बाई, दूध उतरते." आत साधं गरम पाणी, वर चिमूटभर ओवा तरंगायचा. सासूबाई स्वतःच्या हातानं मला ओतून द्यायच्या आणि म्हणायच्या, "पे, सगळा पे."

त्या म्हणायच्या सव्वा महिना, तुम्ही म्हणायच्या चाळीस दिवस. यावरून तुमची रोज गंमत चालायची. एकदा मात्र तुम्ही बोलून गेलात, "आमच्यात म्हनतात, जच्चेची, बाळंतिनीची, कबर चाळीस दिवस उघडी राह्यते." सासूबाईंनी कानाला हात लावला, "असं अभद्र नका बोलू जी." तुम्ही गोदडीत सुई घालत शांतपणे म्हणालात, "म्हून तर तिले एकटी सोडाची नाई." आणि सोडलं नाहीत. सासूबाई धानाच्या बांधीत गेल्या की नऊ वाजता तुम्ही मांडीवर शिवण घेऊन हजर, ते त्या परतेपर्यंत. थंडीत गोदड्यांची गर्दी असते, रफिक दोनदा बोलवायला आला. तुम्ही म्हणालात, इथंच शिवतो, तिथं काय निराळे टाके पडतात का?

आता ते लिहिते, जे तुमच्याखेरीज कोणाला ठाऊक नव्हतं.

आमच्याकडं बाळंतिणीच्या उशाखाली लोखंड ठेवतात. बाहेरचं काही येऊ नये, बाळानं झोपेत दचकू नये म्हणून. सासूबाईंनी आपला धान कापायचा विळा हळदकुंकू लावून ठेवला होता. सहाव्या दिवशी पोरीला पाजता पाजता माझ्या डोळ्यांपुढं एक चित्र आलं. माझाच हात, तो विळा, आणि पोरगी. पुढचं मी लिहू शकत नाही. तुम्हालाही पूर्ण कधी सांगितलं नाही. मला तसं काही करायचं नव्हतं हो. तिच्या अंगावर माशी बसली तरी माझा जीव खालीवर व्हायचा. झोपली की तिच्या नाकाशी बोट धरून बसायचे, श्वास जाणवला तरी विश्वास बसायचा नाही. पण ते चित्र यायचं, दिवसातून किती वेळा यायचं, आणि दरवेळी वाटायचं की मीच ते काढतेय, म्हणजे माझ्याच आत काहीतरी आहे.

मी उशाकडं पाय करून झोपायला लागले. तुम्ही पहिल्या दिवशी विचारलंत, "पाय उशाकडं काऊन केले?" म्हटलं, उजेड डोळ्यांवर येतो. दुसऱ्या दिवशी तुम्ही खिडकीवर चादर बांधलीत. तरी माझे पाय तिकडंच. मग तुम्ही काही न विचारता उशीखाली हात घातलात, विळा चाचपडलात आणि माझ्याकडं पाहिलंत.

"याचं भेव वाटते?"

मी मान हलवली.

"विळ्याचं का सोताचं?"

खाला, हा प्रश्न मला जगात दुसऱ्या कोणी विचारला नसता. मी अशी रडले की टाके तुटतील असं वाटलं. तुम्ही पोरीला एका हातावर घेतलंत, दुसऱ्या हातानं माझं डोकं तुमच्या पोटाशी दाबून धरलंत. तुमच्या लुगड्याला कापसाचं तूस लागलेलं असायचं, ते माझ्या नाकात गेलं आणि रडता रडता मी शिंकले.

संध्याकाळी सासूबाई परतल्या तेव्हा तुम्ही कपाळाला हात लावून म्हणालात, "बाई, तुमचा धारेचा विळा इथी पडून आहे, अन तुमी मागून आनलेल्या बोथट विळ्यानं कापून राह्यल्या? लोखंडच पाह्यजे ना? हे घ्या." आणि पदराखालून तुमच्या दुकानातल्या तराजूचं एक किलोचं वजन काढलंत, सहा कोनांचं, काळंभोर. सासूबाईंनी ते हातावर तोललं. "विळ्याहून तर हे भारी आहे जी," त्या खूश होऊन म्हणाल्या. त्याला हळदकुंकू लागलं, ते उशीखाली गेलं, विळा बांधीत गेला. त्या दिवशी मी उशाकडं डोकं करून झोपले.

मी एकदा विचारलं होतं, तुम्हाला कसं कळलं? तुमची सुई थांबली. "माझा रफिक झाला तवा..." एवढं म्हणालात आणि दोऱ्याला गाठ मारत बसलात. "मंग सांगीन कधी." मी पिच्छा पुरवायला हवा होता. वाटलं, चाळीस दिवस आहेत की हातात.

विळा गेला, पण चित्रं गेली नाहीत. विळ्याच्या जागी आंघोळीचं कढत पाणी आलं, मग मागच्या आवारातली विहीर. मी तुम्हाला सांगत गेले, कारण सांगितलं की अर्धा दिवस बरा जायचा. आणि त्या रविवारी तुम्ही म्हणालात, "बेटा, हे लोखंडाचं काम नाई. मंदाले सांग. दवाखान्यात याच्यावर इलाज असते."

मंदाताई म्हणजे आपल्या भागातली आशा वर्कर, बाळाचं वजन करायला येते ती. मी एकदम भडकले. तुम्हाला माझ्या चुलत बहिणीचं, ललिताचं, सांगितलं होतं की मी. तिनं बाळंतपणात सासूला इतकंच म्हटलं होतं, मला बाळाजवळ एकटी ठेवू नका. तिला बाहेरचं लागलं म्हणून झाडफूक करणाऱ्या पुजाऱ्याकडं नेलं आणि पोरगा नणंदेकडं पाठवला. दीड वर्षानं परत आणला तेव्हा तो ललिताला मावशी म्हणायचा. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, तुम्हाला सांगायला काय जातं, असं मी तुम्हाला म्हटलं. तुम्हाला! कोणापुढं काय बोलत होते मी?

तुम्ही तरी चिडला नाहीत. "तुही सासू तशी नाई."

"तुमाले काय माहीत?"

"तीस वर्सं एका भिंतीनं राहून राह्यलो आमी. तिचं खोकलनंबी मले ओळखू येते." मग गोदडी बाजूला ठेवून म्हणालात, "तू नाई सांगत त मी सांगतो."

"सांगितलं त या घराची पायरी चढू नका."

तुम्ही सुई कापडात टोचलीत, गोदडीची घडी केलीत. पोरीच्या पायाला हात लावलात. "येतो," म्हणालात आणि गेलात. मी भिंतीकडं तोंड करून पडले.

म्हणून ते तीन दिवस मला दोन भीती होत्या. एक, तुम्ही माझं बोलणं खरं मानून कायमच्या रुसलात. दुसरी, तुम्ही सांगून टाकलंत आणि सासूबाई म्हणूनच माझ्याशी इतक्या जपून बोलताहेत. त्या तुमचं मरण लपवत होत्या आणि मला वाटत होतं, माझं गुपित त्यांना कळलंय. त्या पोरीला उचलायला वाकल्या की मी तिच्या झबल्याचं टोक मुठीत धरून ठेवायचे.

बातमी फुटल्यावर दुसऱ्याच दिवशी सासूबाईंनी ते वजन धुऊन रफिककडं परत पाठवलं. मेल्या माणसाच्या घरची वस्तू बाळंतिणीच्या उशाखाली चालत नाही. "कापनी झाली, आता विळा लागत नाई मले," म्हणत त्यांनी विळा घासला, हळदकुंकू लावलं आणि त्याच जागी ठेवला. मी पाहत राहिले. काय कारण सांगणार होते? वाट काढणारी तर गेली होती.

त्याच शुक्रवारी मंदाताई अठ्ठाविसाव्या दिवसाच्या भेटीला आली. झोप होते का? होते. रडू येते का? नाही. सगळं बरं आहे, मी म्हटलं. तिनं वहीत तसं लिहिलं आणि ती गेली.

मग मळणी सुरू झाली. सासूबाई नऊला जायच्या, चारला यायच्या. त्या खोलीत मला पोरीला घेऊन बसवेना. विळा उचलून बाहेर फेकावा म्हटलं तर त्याला हात लावायची हिंमत होईना. हात लागला आणि हातानं ऐकलंच नाही तर? मी तुमची चुंबळ ओसरीवर टाकली आणि पोरीला मांडीवर घेऊन दिवसभर तिथंच बसले. लघवीला जायचं तरी तिला घेऊन जायचे, कारण खाली ठेवायची भीती, आणि हातात असली तरी भीतीच. अंगावरून जाणं पुन्हा वाढलं. खांद्यांत गोळे आले. सासूबाई परतल्या की ओरडायच्या, "हवेत काऊन बसून राह्यली? कानाले बांध! वारं शिरन अंगात." मी काही बोलत नव्हते, जेवतही नव्हते. माझं हे ध्यान पाहून त्या घाबरल्या असतील, आता कळतं. पण सोमवारी मी त्यांना फोनवर बहिणीशी बोलताना ऐकलं. "खाला गेली तवापासून हे अशीच करते. खालाचा जीव हिच्यात अडकला का काय माहीत. पुजाऱ्याले बोलावतो. अन पोरगी काही दिवस मीच माझ्यापाशी घेतो."

ऐकलंत, खाला? म्हणजे न सांगताही तेच होणार होतं. गप्प राहून मी जे वाचवत होते, ते गप्प राहिल्यानंच हातातून निघालं होतं. तुमच्याशी भांडण्यात मी नेमकी इथंच चुकले होते, आणि कबूल करायला तुम्ही नव्हता. मी ओसरीवर येऊन मंदाताईला फोन लावला. तोंडातून इतकंच निघालं, "उद्या येता का जी? वजन करायचं आहे पोरीचं."

ती काल आली. पोरीला झोळीत घालून काटा धरला, आकडा लिहिला, म्हणाली, वजन तर छान वाढलंय, मग काऊन बोलावलं? मी दाराकडं पाठ करून बसले होते. बोलायला सुरुवात केली आणि सगळंच बाहेर आलं. विळा, पाणी, विहीर. तुमचं नाव चार वेळा आलं असेल. बोलताना मी तिच्या पेनकडं पाहत होते, ते लिहायला लागलं की आपलं संपलं, असं वाटत होतं. तिनं पेनाला टोपण लावलं.

"तसं कराव वाटते तुले, का तसं होईन म्हून भेव वाटते?"

"भेव वाटते. लय भेव वाटते."

"मंग हे भेवच आहे पोरी. भेवाचा आजार. लय बायांले होते, सांगत नाई कोनी." शुक्रवारी डॉक्टरीणबाईकडं जायचं, मी सोबत येते, तोवर एकटी राहायचं नाही आणि झोप काढायची, असं ती म्हणाली. आणि माझ्या मागं पाहून थांबली.

मी वळले. सासूबाई दारात उभ्या होत्या. मळणीतून कधी परतल्या, किती ऐकलं, काही कळायला मार्ग नव्हता. डोक्याचा फडका तसाच, अंगावर धानाचा भुसा. त्या सरळ आत आल्या, झोळीतून पोरीला उचललं आणि छातीशी घट्ट धरलं. माझ्याकडं पाहिलं नाही. झालं, मी मनात म्हटलं. ललिताचं झालं तेच झालं. मंदाताई काहीतरी बोलायला गेली, सासूबाईंनी तिला हातानं थांबवलं.

पोरगी रडायला लागली. त्यांनी थोपटलं, खांद्यावर घेतलं, ती राहीना. मग त्या माझ्यासमोर जमिनीवर बसल्या.

"भूक लागली तिले," त्या म्हणाल्या. "घे."

माझे हात लटलट कापत होते, खाला. सासूबाईंनी ते पाहिलं. नीट पाहिलं, आणि तरी पोर माझ्याच हातात दिली.